कागद येतो तिथपासून जातो तिथपर्यंत: वकिलाच्या कार्यालयातली संगणकाची भाषा

‘त्या दाव्याची पीडीएफ ओसीआर करून सर्व्हरवर टाका, समोरच्या वकिलांना मेल करा आणि अशिलाला बीसीसीत ठेवा.’ वकिलाच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात असलं वाक्य पडतं. दावा म्हणजे काय, अशील म्हणजे कोण हे कळलेलं असतं, टायपिंगही बरं येत असतं. पण मधले चार शब्द हुकतात आणि विचारायला संकोच वाटतो. मग अंदाजाने काम होतं. या व्यवसायात अंदाज महागात पडतो, कारण आपल्या हातात दुसऱ्याची गुपितं असतात. वरच्या वाक्यातली शेवटची सूचना तर मुळातच चुकीची आहे. का, ते पुढे येईल.

नवी माणसं शेजारी बसवून शिकवताना मी शब्दांची यादी पाठ करायला देत नाही. एक कागद कार्यालयात येतो, तयार होतो आणि बाहेर जातो, त्या वाटेवर जो शब्द भेटेल तो समजून घ्यायचा. आणि सगळीकडे एकच गोष्ट धरून ठेवायची: पडद्यावर दिसतं त्यापेक्षा फाइलमध्ये जास्त असतं.

फाइल, फोल्डर आणि नाव

फाइल म्हणजे एक दस्तऐवज. फोल्डर म्हणजे दप्तर. पाथ म्हणजे त्या दस्तऐवजाचा पूर्ण पत्ता: कोणतं कपाट, कोणतं दप्तर, आतलं कोणतं पाकीट. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं सामाईक कपाट. ‘फाइल माझ्या डेस्कटॉपवर आहे’ याचा अर्थ ती फक्त तुमच्या टेबलावर आहे, बाकी कुणालाच सापडणार नाही.

नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं येतात ते एक्स्टेंशन. ही फाइल कोणत्या जातीची आहे आणि ती कोणता प्रोग्रॅम उघडेल हे त्यावरून ठरतं. विंडोजमध्ये ही अक्षरं बहुधा लपवलेली असतात. ती दिसतील अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्या. ‘नोटीस.पीडीएफ.ईएक्सई’ असं नाव असलेली फाइल लपवलेल्या एक्स्टेंशनमुळे साधी पीडीएफ वाटते. प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्रॅम असतो आणि उघडला की काम सुरू करतो.

आता नाव कसं द्यायचं. प्रकरणाचा क्रमांक लिहिताना आपला हात आपोआप ‘१२३/२०२४’ असं लिहितो. विंडोज ती तिरपी रेघ फाइलच्या नावात घेत नाही. तशीच अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि उभी रेघ ही चिन्हंही चालत नाहीत. म्हणून ‘१२३-२०२४’. तारीख लिहायची ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२४-०३-०५’. असं केलं की फोल्डर नावाप्रमाणे लावलं तरी कागद आपोआप तारखेच्या क्रमाने येतात. दिवस आधी लिहिला, तर पाच मार्च आणि पाच एप्रिलचे कागद शेजारी येतात आणि सहा मार्चचा कुठेतरी खाली जातो. निशाण्यांना, म्हणजे पुराव्यात दाखल कागदांना, क्रमांक देताना एक, दोन असे सुटे आकडे न लिहिता ‘०१’, ‘०२’ लिहा, कारण काही प्रणाली अक्षराअक्षराने क्रम लावतात आणि त्यात दहा हा आकडा दोनच्या आधी येतो.

‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम सुधारित २’ अशी नावं देऊ नका. मसुद्याच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्या आणि सही झालेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सुनावणीच्या सकाळी कोणती प्रत खरी यावर वाद होणं मी पाहिलेलं आहे. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे हवं असतं.

स्कॅन आणि फाइलचा आकार

अशील कागदांचा गठ्ठा घेऊन येतो. स्कॅन करताना यंत्र विचारतं, किती डीपीआय? म्हणजे एका इंचात किती ठिपके. छापील मजकुरासाठी ३०० डीपीआय ही भरवशाची निवड आहे. यापेक्षा फार कमी ठेवलं तर बारीक अक्षर तुटतं, आणि दुप्पट केलं तर ठिपके चौपट होतात.

हे हिशेबाने बघितलं की पक्कं बसतं. ए-४ कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानाला साधारण २६ मेगाबाइट. तेच पान निव्वळ काळं-पांढरं घेतलं, तर जेमतेम एक मेगाबाइट. पुढे कॉम्प्रेशन म्हणजे दाबून लहान करण्याची क्रिया होते आणि प्रत्यक्ष फाइल बरीच छोटी बनते, पण दोन्हीतला फरक राहतोच. म्हणून टाइप केलेली कैफियत काळ्या-पांढऱ्यात घ्या. नकाशा, शिक्के, निळ्या शाईची सही किंवा खाडाखोड असलेला कागद मात्र रंगीतच घ्यायचा. तिथे जागा वाचवायला जाऊ नका, कारण शाईचा रंग हाच कधीकधी मुद्दा असतो.

बाइट म्हणजे आठ बिट. ढोबळ हिशेबात हजार बाइटचा किलोबाइट, हजार किलोबाइटचा मेगाबाइट, पुढे गिगाबाइट आणि टेराबाइट. टेराबाइट किती मोठा? २०१६ साली पनामातल्या मोसॅक फोन्सेका या विधी संस्थेतून फुटलेली कागदपत्रं ‘पनामा पेपर्स’ म्हणून जगभर गाजली. ते सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते आणि सगळे मिळून २.६ टेराबाइट भरले. एवढा साठा आज हातात मावणाऱ्या एका डिस्कवर बसतो. पेन ड्राइव्ह टेबलावर विसरून जाऊ नका असं मी रोज सांगते, त्यामागे हे आहे.

ओसीआर

स्कॅन केलेलं पान हा फोटो असतो. तुम्हाला त्यात अक्षरं दिसतात, संगणकाला फक्त ठिपके दिसतात. ओसीआर म्हणजे त्या ठिपक्यांतून अक्षरं ओळखून फोटोच्या मागे मजकुराचा एक अदृश्य थर लावणं. हे झालं की कंट्रोल आणि एफ दाबून चारशे पानांत एखादं नाव शोधता येतं.

पण ओसीआर चुकतं. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल सहज होते. ‘घनाजी’चा ‘धनाजी’ झाला की शोधात तो सापडत नाही, आणि नवा माणूस निर्धास्तपणे सांगतो, ‘या कागदांत त्यांचं नाव नाहीच.’ असं कधीही सांगू नका. आधी दोन-तीन वेगळ्या पद्धतींनी शोधा, मग महत्त्वाची पानं डोळ्यांनी वाचा. रक्कम, तारीख आणि विशेषनामं ओसीआरच्या भरवशावर उतरवून घ्यायची नाहीत, मूळ पान समोर ठेवायचं.

याला जोडूनच युनिकोड. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत आहे; ‘क’चा ०९१५. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की भलत्याच चिन्हांत दिसतो, आणि शोधता तर येतच नाही. टायपिंग युनिकोडमध्येच करा.

मसुदा: दिसत नसलेल्या दुरुस्त्या

वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस नावाची सोय आहे. ती सुरू असताना कुणी काय खोडलं, काय घातलं, कधी, याची नोंद मजकुरातच राहते. समासातले शेरे म्हणजे कॉमेंट्स. वकिलांचं अर्धं काम याच दोन गोष्टींवर चालतं.

धोका असा की या दुरुस्त्या नजरेआड करता येतात. ‘नो मार्कअप’ निवडलं की मसुदा स्वच्छ दिसतो, पण दुरुस्त्या गेलेल्या नसतात, नुसता पडदा ओढलेला असतो. मला ठाऊक असलेल्या एका कार्यालयातून तडजोडीचा मसुदा असाच स्वच्छ समजून समोरच्या बाजूला गेला. त्यांनी तो उघडला, दुरुस्त्या दाखवण्याचं बटण दाबलं आणि समासात शेरा निघाला: अशील शेवटी किती रकमेवर तयार होईल, तो आकडा. त्यानंतर वाटाघाटीला काही अर्थच उरला नाही. पाठवणारी मुलगी कामाला हुशार होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून क्रम ठेवा. मूळ फाइलची नक्कल करा. नकलेत सगळ्या दुरुस्त्या ‘अ‍ॅक्सेप्ट’ किंवा ‘रिजेक्ट’ करा. सगळे शेरे काढून टाका. मग ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ चालवा. फाइलमध्ये आणखी काय लपलं आहे ते तो दाखवतो आणि काढूनही देतो. समोरच्यांनी त्यात दुरुस्त्या करायच्या नसतील तर शेवटी पीडीएफ करूनच पाठवा.

इन्स्पेक्टर जे शोधतो त्यातला मोठा भाग म्हणजे मेटाडेटा: फाइलविषयीची माहिती. कुणी बनवली, केव्हा बनवली, शेवटी कुणी जतन केली. फोटोच्या मेटाडेटात वेळ, कॅमेरा आणि कधीकधी ठिकाणही असतं. बाहेर जाणाऱ्या फाइलमधून मेटाडेटा काढायचा, पण पुरावा म्हणून आत येणाऱ्या फाइलमधला जिवापाड जपायचा. अशिलाने घटनेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर ही माहिती गळून जाते. म्हणून मूळ फोन जपायला सांगा आणि फोटो मूळ फाइलच्या स्वरूपात मागवा. आलेली फाइल वेगळी ठेवून काम नकलेवर करा. विंडोजमध्ये नक्कल केली की ‘तयार झाल्याची तारीख’ नकलेच्या वेळेची पडते, पण ‘बदलाची तारीख’ जुनीच राहते. फाइल जन्मायच्या आधीच बदललेली दिसली तर दचकू नका; तेवढ्यावरून छेडछाडीचा आरोपही करू नका.

पीडीएफ

पीडीएफ हे स्वरूप अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये आणलं आणि २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. कोणत्याही यंत्रावर पान तसंच्या तसं दिसावं हा त्याचा हेतू. पीडीएफ-ए ही त्यातली दीर्घकाळ जतन करण्यासाठीची जात. तिच्यात फॉन्टसकट सगळं फाइलच्या आतच असतं.

मोठी पेपरबुक, म्हणजे प्रकरणातल्या कागदांचा एकत्र संच, बांधताना बुकमार्क लावा, म्हणजे डाव्या बाजूला अनुक्रमणिका दिसते आणि टिचकी मारली की ते पान उघडतं. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेमुळे छापील पान क्रमांक आणि पीडीएफचा पान क्रमांक वेगळे पडतात. साहेब ‘पान चाळीस’ म्हणतात, न्यायाधीशांच्या पडद्यावर भलतंच पान उघडतं. दोन्ही क्रमांक जुळतील असं आधीच करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

झाकणं आणि काढून टाकणं

रिडॅक्शन म्हणजे दस्तऐवजातला गोपनीय मजकूर कायमचा काढून टाकणं. इथे थोडं थांबून वाचा.

पीडीएफवर काळा चौकोन काढला की मजकूर झाकला जातो, जात नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या निवडणूक प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात असाच दस्तऐवज दाखल केला होता. पत्रकारांनी काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर निवडला, कॉपी केला, दुसरीकडे पेस्ट केला आणि सगळं वाचलं. त्यासाठी कोणतंही खास ज्ञान लागलं नाही.

बरोबर पद्धत अशी. नकलेवरच काम करा. पीडीएफ प्रोग्रॅममधलं ‘रिडॅक्ट’ नावाचंच साधन वापरा. हायलाइट किंवा चौकोन काढण्याचं साधन नको. आधी खुणा होतात, मग ‘अप्लाय’ म्हटल्यावर मजकूर खरोखर निघतो. नुसत्या खुणा करून फाइल जतन केली तर काहीच झालेलं नसतं. नंतर फाइल नव्या नावाने जतन करा, बंद करा, पुन्हा उघडा. कंट्रोल आणि ए, मग कंट्रोल आणि सी दाबून सगळा मजकूर उचला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे लपवलेलं नाव दिसलं तर काम फसलेलं आहे. स्कॅन केलेल्या पानाच्या बाबतीत तर ओसीआरचा तो अदृश्य थरही आठवा: फोटोवर काळं फासलं तरी मागच्या थरात नाव शाबूत असू शकतं.

ही नोटपॅडची तपासणी मी स्वतः प्रत्येक वेळी करते. कितीही घाई असली तरी.

सही

सहीचा फोटो काढून फाइलवर चिकटवला तर ती चित्ररूप सही झाली. तिच्यामागे कुणाची ओळख पटवणारं काही नसतं, आणि चित्र कुणीही उचलून दुसरीकडे चिकटवू शकतं. डिजिटल सही वेगळी असते. तिच्यात दोन जोडकिल्ल्या असतात: खाजगी किल्ली सही करणाऱ्याकडे, सार्वजनिक किल्ली सगळ्यांसाठी. ही किल्ली अमुक माणसाची आहे हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत असतं.

सही करताना दस्तऐवजाचा हॅश काढला जातो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा ६४ अक्षरांचा असतो, फाइल एका पानाची असो की हजार पानांची. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. इलेक्ट्रॉनिक पुरावा हातात घेतला त्या दिवशीचा ठसा लिहून ठेवला, तर नंतर फाइल तीच आहे हे दाखवता येतं.

यातून रोजच्या कामासाठी दोन गोष्टी निघतात. पान क्रमांक घालणं, फाइली जोडणं, बुकमार्क लावणं हे सगळं सहीच्या आधी उरकायचं; नंतर काही केलं की सही बिघडते किंवा ‘दस्तऐवज बदलला आहे’ असा इशारा येतो. आणि डिजिटल सही असलेली पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन केली तर सही उरत नाही, तिचं चित्र उरतं. मूळ फाइलच जपायची. खाजगी किल्ली ज्यात असते ते टोकन, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं छोटं उपकरण, आणि त्याचा पिन एकाच खणात ठेवू नका.

ईमेल

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये कार्बन घालून काढायची प्रत, तीच ही. टू आणि सीसीतली नावं सगळ्यांना दिसतात. बीसीसीतली इतरांना दिसत नाहीत.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. समोरच्या वकिलांना पाठवलेल्या मेलमध्ये अशिलाला बीसीसीत ठेवलं आणि त्याने रागाच्या भरात ‘रिप्लाय ऑल’ दाबलं, तर त्याचं उत्तर थेट समोरच्या वकिलांकडे जातं. गोपनीय संवादाचं संरक्षण तिथेच धोक्यात येतं. म्हणून आधी मेल पाठवा आणि मग तोच अशिलाला वेगळा फॉरवर्ड करा. साहेबांनी सांगितलं तरी हे कारण त्यांना नम्रपणे सांगा, ते ऐकतील.

पत्ता भरताना प्रोग्रॅम स्वतःच नाव पुरं करतो. एकाच आडनावाचे दोन पत्ते असले तर चुकीचा बसतो. पाठवण्याआधी नाव नाही, पूर्ण पत्ता वाचा. येणाऱ्या मेललाही हेच लागू आहे: ‘प्रेषक’ म्हणून दिसणारं नाव कुणीही काहीही लिहू शकतं. लिंक तपासताना सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पुढे जी एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचं नाव वाचा. खरा मालक तिथे असतो. बँकेचं किंवा न्यायालयाचं नाव त्याच्या आधी, पत्त्याच्या सुरुवातीला, कुणालाही घालता येतं. अशा फसवणुकीला फिशिंग म्हणतात. ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.

अ‍ॅटॅचमेंट म्हणजे सोबत जोडलेली फाइल. मेलमधून जाताना तिचं रूपांतर होतं आणि दर तीन बाइटचे चार होतात. म्हणून २० मेगाबाइटची फाइल वाटेत साधारण २७ मेगाबाइटची होते, आणि २५ची मर्यादा असली तर परत येते.

साठवण आणि बॅकअप

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर, इंटरनेटवरून वापरायची जागा. सिंक म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणं. सिंकला बॅकअप समजू नका: इथे चुकून खोडलं तर तिथेही खोडलं जातं. बॅकअप म्हणजे वेगळी, मागे जाता येईल अशी प्रत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर, असा हिशेब ठेवा. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखर परत काढून उघडून बघा.

रॅन्समवेअर हा घातक प्रोग्रॅम सगळ्या फाइलींना कुलूप लावतो आणि खंडणी मागतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. तो वरून तसाच दिसत होता, पण त्याने लावलेलं कुलूप उघडतच नव्हतं. अनेक देशांत शाखा असलेली डीएलए पायपर ही विधी संस्थाही त्यात सापडली आणि तिचे फोन आणि ईमेल बंद पडले.

तुमच्या हातून चुकीची लिंक दाबली गेली असं वाटलं तर नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा, आणि संगणक तसाच सुरू ठेवून तांत्रिक माणसाला व साहेबांना लगेच सांगा. काही पुसू नका. पडद्यावर जे दिसतंय त्याचा फोनने फोटो काढा आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. मेल चुकीच्या माणसाला गेला असेल तरीही तसंच: कुणाला गेला, किती वाजता, सोबत काय होतं, हे तीन तपशील घेऊन तडक साहेबांच्या खोलीत जा, ते फोनवर असले तरी.